सात चाळीसचा तिठा

“गाडी कधी सुटणार?” मी विचारलं.

“भरली की,” जोतिराम पवार म्हणाला. त्यानं पुढच्या चाकावर पाय टेकवला आणि निवांत तंबाखू मळायला घेतली.

माचुत्रे गावाच्या शाळेसमोर त्याची जीप उभी होती. मी सकाळी आठला येऊन बसले होते. आत फवारणीचा बिघडलेला पंप मांडीवर घेतलेले एक गृहस्थ होते आणि कॉलेजला निघालेली एक मुलगी. साडेआठला आणखी दोघं आले, नऊला तिघं. मुलीनं मनगटावरचं घड्याळ दोनदा पाहिलं, मग उतरली आणि घराच्या दिशेनं चालू लागली. जोतिराम तिच्या पाठीकडे बघत राहिला, पण गाडी काही त्यानं सुरू केली नाही. आम्ही निघालो ते नऊ चाळीसला, दहा जणांच्या जागेत चौदा जण.

“वेळ ठरवून का नाही निघत तुम्ही?” वाटेत मी विचारलं.

“बावीस वर्षं झाली मॅडम गाडी चालवतोय. रिकामी एकदा बी काढली न्हाई. रिकामी गाडी म्हंजी डिझेल जाळून वारा वाहायचा.”

ही दोन हजार अकराच्या जानेवारीतली गोष्ट. मी रेश्मा तांबोळी, तेव्हा सव्वीस वर्षांची. मूळची मिरजेची, पुण्यात नगररचना शिकलेली, आणि एका लहानशा संस्थेत पहिलीच नोकरी. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या चौदा गावांसाठी टिकाऊ वाहतुकीचा आराखडा करायचा, असं माझ्या कामाचं नाव होतं. मुदत तीन महिने. टिकाऊ म्हणजे कमी डिझेल आणि कमी धूर, एवढंच मला त्यातलं कळत होतं.

चाफेगाव हे तालुक्याचं ठिकाण. तिथून वर चढणारा रस्ता तेलवड्याला येतो आणि गावाबाहेर त्याचे दोन फाटे होतात. त्या जागेला सगळे तिठा म्हणतात. डावा फाटा माचुत्र्याला जातो, उजवा खडकवण्याला. दोन्ही फाट्यांवर मिळून सहा जिपा वडाप करायच्या, म्हणजे माणसं भरभरून चाफेगावला न्यायच्या. तेलवड्यापर्यंत एक एस.टी.ही यायची, सकाळ-संध्याकाळ. पण जिपा तिच्या पुढं पळून वाटेवरची माणसं उचलायच्या आणि बस मागून जवळजवळ मोकळी खाली उतरायची. एक मार्चपासून ती बंद होणार होती. ती बंद झाली की पासवर कॉलेजला जाणाऱ्या मुलींचं शिक्षण थांबणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात तर जिपाही घाटात यायला नाखूश असायच्या.

माझा अहवाल अर्धा लिहून झाला होता. तीन नव्या बस द्याव्यात, अशी त्यात मागणी होती. मिळणार नाहीत हे मलाही माहीत होतं.

मी तेलवड्याच्या आरोग्य उपकेंद्रात, नर्स कुसुम लोखंडे यांच्या खोलीत राहत होते. कुसुमताई पन्नाशीच्या. चौदाही गावं त्यांनी पायाखाली घातलेली. एका दुपारी त्या माझा नकाशा बघायला बसल्या. कोण कुठं जातं याचे लाल बाण मी त्यावर काढले होते.

“हे सगळे बाण चाफेगावकडंच का गं?”

“लोक तिकडं जातात म्हणून.”

“लोक तिकडं जातात, कारण गाडी तिकडं जाते.” त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. “हे बघ. माचुत्र्याच्या गरोदर बायकांना माझ्याकडं यायचंय तपासणीला. येतात का? नाही. कारण परत जायला गाडी कधी मिळेल याचा नेम नाही. माचुत्र्याची निम्मी सोयरीक खडकवण्यात आहे. तिठ्यावर उतरून दुसरी गाडी धरायची तर वर जाणारी गाडी दोन तासांनी येईल, नाहीतर चार. मग कोण उतरेल? तू त्यांना कुठं जाता असं विचारलंस. कुठं जायचं होतं, ते विचार.”

दुसऱ्या दिवसापासून मी तेच विचारू लागले, आणि लोक बोलायचे थांबेनात. दाताला, माहेरी, टोमॅटोची रोपं आणायला, पलीकडच्या फाट्यावरच्या हायस्कूलात, भजनाला, मुलगी बघायला. आठ दिवसांत वही भरली. नवीन नकाशा काढला तेव्हा निम्मे बाण तिठ्यावरून इकडून तिकडं वळलेले होते. चाफेगावला जाणारेही तिठ्यावरूनच जात होते. मी तो नकाशा भिंतीला लावला आणि लांबून बघितला. मग जवळून बघितला.

कुसुमताईंच्या कपाटात लोहाच्या गोळ्यांची रिकामी खोकी होती. त्यातली सहा घेऊन मी ओसरीवर खडूनं रस्ते काढले आणि खोकी मांडायला लागले. एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं एस.टी. म्हणून तिठ्यावर ठेवलं. कुसुमताईंनी केंद्रातलं भिंतीवरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून खोकी सरकवत होतो, तेवढ्यात जोतिराम ब्लडप्रेशर तपासायला आला.

“हे काय मांडलंय?”

“तुमच्या गाड्या,” मी म्हणाले. “बघा, साही जिपा आपापल्या गावातून ठरलेल्या वेळी निघतात आणि सात चाळीसला तिठ्यावर येतात. सगळ्या एकदम. बसही तिथंच उभी. दहा मिनिटं सगळे थांबतात. चाफेगावला जाणारे बसमध्ये चढतात. माचुत्र्याचा माणूस खडकवण्याच्या जिपेत, खडकवण्याचा माचुत्र्याच्या. सात पन्नासला बस खाली जाते आणि जिपा वर परत. संध्याकाळी पाचला पुन्हा तसंच.”

तो वाकला. त्यानं माचुत्र्याचं खोकं हळूच तिठ्यापर्यंत ढकललं आणि परत नेलं. मग दुसरं. मग उकिडवा बसला आणि साही खोकी एकेक करून स्वतःच फिरवली. कुसुमताई ब्लडप्रेशरचं यंत्र हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

“म्हंजी चाफेगावपतुर घाट उतरायचाच न्हाई?” तो म्हणाला. “आमचं निम्मं डिझेल तिथंच जातंय.”

“नाही उतरायचा.”

“आन कुनी कुनाच्या पुढं पळायचं न्हाई.”

“पळून कुठं जाणार? सगळ्यांना तिथंच यायचंय.”

त्यानं साही खोकी पुन्हा तिठ्यावर आणून ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “जमलं तर लई भारी जमंल. पन एक जरी न्हाई आला, तर समदं मोडलं.”

त्या दिवशी त्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. कुसुमताई म्हणाल्या, माझं मोजलं तर माझंही तेवढंच निघेल.

चाफेगाव आगाराचे प्रमुख शिंगटे साहेब यांच्याकडे मी तीन वेळा गेले. पहिल्या वेळी त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, “वडापवाल्यांशी मी बोलत नाही. परवाना नसलेली वाहतूक आहे ती.” तिसऱ्या वेळी मी खोकीच घेऊन गेले आणि त्यांच्या टेबलावर मांडली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटी म्हणाले, “मी कोणाशी काही बोललेलो नाही. माझी बस तिठ्यावर दहा मिनिटं जादा थांबेल, सात चाळीसऐवजी सात पन्नासला सुटेल, एवढंच मी लिहीन. एक दिवस, गुरुवार. प्रवासी दिसले तर बस बंद करण्याचा कागद मी महिनाभर मागं ठेवतो. आणि अकरावं मिनिट मिळणार नाही. मी स्वतः येतोय बघायला.”

जीपवाल्यांची बैठक तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत झाली. ती दोन तास चालली आणि सगळ्यांना पटूनही कुणी हो म्हणेना. खडकवण्याचा संपत ढेबे तरुण आणि तापट होता. तो सरळ जोतिरामकडे बोट दाखवून म्हणाला, “माचुत्र्याहून नदीकाठचा खालचा रस्ता हाय. आमी हितं तिठ्यावर येऊन थांबायचं आन ह्यो खालनं समदी मानसं घिऊन चाफेगावला. तवा काय करायचं?”

“न्हाई जायाचो,” जोतिराम म्हणाला.

“आन गाडी भरली न्हाई तर? तू रिकामा निघनार? तू?”

सगळे हसले. जोतिरामही हसला, पण उत्तर त्यानं दिलं नाही. एक दिवस करून बघू, एवढ्यावर सगळे उठले.

गुरुवारी सकाळी सात वाजताच मी तिठ्यावर जाऊन उभी राहिले. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, तोंडातून वाफ निघत होती. कुसुमताईंनी गावोगावी निरोप पोचवले होते. सात वीसला बस आली. तिच्या मागोमाग आगाराच्या गाडीतून शिंगटे साहेब उतरले आणि टपरीच्या बाकावर हातातलं घड्याळ वर करून बसले.

सात बत्तीसला पहिली जीप आली. आत चार माणसं. मी त्या ड्रायव्हरला मिठीच मारायची राहिले होते. सात छत्तीसला दुसरी आणि तिच्या मागं तिसरी. सात एकोणचाळीसला संपतची जीप वळणावर दिसली. नऊ माणसं, त्यांत तीन कॉलेजच्या मुली. बरोबर चाळीसला पाचवी. लोक उतरत होते, कुठल्या गाडीत चढायचं ते विचारत होते. कुसुमताई वाहतूक पोलिसासारख्या मधोमध उभ्या राहून हात करत होत्या. एक बाई पोटावर हात धरून उतरली आणि थेट उपकेंद्राच्या दिशेनं चालू लागली, तेव्हा कुसुमताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मी पळत होते, मोजत होते, लिहीत होते, आणि माझं मलाच हसू येत होतं.

सात त्रेचाळीस. माचुत्र्याची जीप नाही.

सात पंचेचाळीस.

“कुठाय तुमचा जोतिराम?” संपत माझ्याजवळ येऊन म्हणाला.

“येईल.”

“खालच्या रस्त्यानं गेला त्यो. समदी मानसं घिऊन गेला. आन आमी हितं खुळ्यासारकं.” त्यानं जीपमध्ये उडी मारली आणि इंजिन सुरू केलं. त्याचं तोंड चाफेगावच्या दिशेला होतं. ते बघून आणखी एकानं इंजिन सुरू केलं. चढलेली माणसं गोंधळून उतरू लागली.

मी संपतच्या जीपसमोर जाऊन उभी राहिले. धाडस म्हणून नाही, पाय आपोआप तिकडे गेले. “पाच मिनिटं,” मी म्हणाले. “सात पन्नासपर्यंतचं ठरलंय. तोवर कुणी कुठं जायचं नाही.”

“आन न्हाई आला तर?”

“मग माझ्या अंगावरनं जा.”

बोलून गेले खरी, पण आतून मीही घाबरले होते. जोतिरामला मी किती ओळखत होते? तीन आठवडे. त्यानं टपरीत उत्तर दिलं नव्हतं, ते मला आता आठवत होतं. सात अठ्ठेचाळीसला बसच्या ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं. शिंगटे साहेब उभे राहिले. त्यांना दोन मिनिटं जास्त मागावीत म्हणून मी वळले, आणि तेवढ्यात डाव्या फाट्यावरून हॉर्न ऐकू आला. लांबलचक, न थांबता.

जोतिरामची जीप वळणावरून आली ती चिखलानं माखलेली. चाकांतून पाणी गळत होतं. सात एकोणपन्नासला ती तिठ्यावर थांबली आणि कुणी उतरलं नाही. मी वाट बघितली. मागचं दार उघडलंच नाही.

संपत इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला, जोतिरामच्या जीपमागं गेला आणि दार उघडून आत डोकावला. एकही माणूस नव्हता. पिशवीसुद्धा नव्हती.

“रिकामा आलास?” तो म्हणाला.

“सा पंचावन्न झालं. कुनी आलं न्हाई. निघालो,” जोतिराम म्हणाला. “पुलावर उसाची ट्रॉली आडवी झालीया. मग वढ्यातनं गाडी घातली.”

“कुनीच नव्हतं, तर वढ्यातनं कशापाई घातलीस?”

जोतिरामनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्याला प्रश्नच समजला नव्हता. “सात चाळीसचं ठरलं हुतं ना? तरी नऊ मिन्टं उशीर झालाच.”

संपतनं मागचं दार लावलं. मग आपल्या जीपकडे गेला, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसरं इंजिनही बंद झालं. सात पन्नासला बस सुटली. तिच्यात सव्वीस माणसं होती. त्या बसनं वर आलेल्यांपैकी दोघं जोतिरामच्या जीपमध्ये जाऊन बसले आणि तो दोघांनाच घेऊन माघारी गेला. शिंगटे साहेब निघताना माझ्याजवळ थांबले. “त्या माचुत्र्याच्या फेरीचे किती प्रवासी लिहिलेत?” त्यांनी विचारलं. मी वही दाखवली. शून्य. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “तो आकडा खोडू नका.”

बस बंद करण्याचा कागद महिनाभर मागं राहिला आणि पुढं त्याची गरजच उरली नाही. तीन बसची मागणी मी काढून टाकली. दीड वर्षानं त्या जिपांना ठरलेल्या मार्गाचे परवाने मिळाले. आता त्यातल्या दोन गाड्या विजेवर चालतात आणि संपत त्यांच्या संघाचा अध्यक्ष आहे. मी त्यानंतर चार जिल्ह्यांत असे आराखडे केले. काही जमले, काही फसले. या कामात येणारी नवीन मुलं विचारतात, तुमची पहिली चाचणी यशस्वी कधी झाली? ते गुरुवारचे आकडे बघत असतात. मी त्यांना शुक्रवारचं सांगते.

दुसऱ्या दिवशीही असंच करायचं, हे गुरुवारी संध्याकाळी तिठ्यावरच ठरलं होतं, आणि मी रात्री माचुत्र्याला मुक्कामी राहिले, शुक्रवारी तिथूनच जीप धरायची म्हणून. सहा चाळीसला शाळेपाशी गेले तर सात माणसं आधीच उभी होती. काल ती नेहमीसारखी साडेसातला आली होती आणि जीप कधीच गेलेली. जोत्या खरंच वेळेवर गेला, आणि तोही रिकामा, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या गावात झाली होती. काहींनी त्याला शिव्याही घातल्या होत्या. ती कॉलेजची मुलगी सगळ्यांच्या पुढं उभी होती.

शाळेसमोरच्या घराच्या अंगणात एक म्हातारी झाडत होती. बायजाबाई तिचं नाव. ती केरसुणी हातात घेऊनच आमच्याकडे आली.

“ही गाडी खडकवण्याला जाती म्हनं. खरं हाय व्हय?”

“तिठ्यावर दुसऱ्या गाडीत बसायचं, मावशी,” मी म्हणाले. “ती उभीच असते तिथं.”

“माजी भन दिल्याली हाय तिथं. धाकली.” ती थोडी थांबली. “आन परत?”

मी उत्तर द्यायच्या आधी जोतिराम म्हणाला, “पाच वाजता तिठ्यावर. तुमी नसला तरी गाडी आसनार, मावशी.”

तिनं जरा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग केरसुणी भिंतीला उभी करून घरात गेली. सहा चोपन्नला बाहेर आली ती धुतलेलं लुगडं नेसून, हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. दाराला कुलूप लावताना तिचे हात घाईनं चुकत होते. एका मिनिटानं आम्ही निघालो.

वाटेत ती मला सांगत होती. डोंगराच्या या अंगाला ती, त्या अंगाला बहीण. चालायचे दिवस होते तेव्हा ती टेकडी ओलांडून जायची. गुडघे गेले आणि जाणं थांबलं. लग्नात, मयतीत भेट व्हायची. मागच्या चार वर्षांत तीही झाली नव्हती.

तिठ्यावर तिला संपतच्या जीपमध्ये बसवलं आणि का कोण जाणे, माझी कामं टाकून मीही तिच्या शेजारी चढले. खडकवण्याला पोचलो तेव्हा साडेआठ होत होते. तिची बहीण दारात उन्हाला बसून घेवडा सोलत होती. बायजाबाई गल्लीच्या तोंडाशी दिसली मात्र, ती ताडकन उठली. मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“कोन गेलं?” तिनं तिथूनच विचारलं. “आक्के, कोन गेलं?”

बायजाबाई दम खात उभी राहिली. मग तिनं पिशवी पुढं केली.

“कोन न्हाई गेलं गं,” ती म्हणाली. “गाडी हुती, म्हनून आले.”